'कारकीर्द संपली' कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'दुखापतींनी ज्युनिअर टेनिसपटूची कारकीर्द संपवली' ही आपल्या क्रीडा पानावरची बातमी वाचली. ती मुलगी आता लहान मुलांना शिकवते हे अगदी शेवटच्या ओळीत, सांत्वनाला टाकल्यासारखं. तक्रार मथळ्याबद्दल आहे. मीही याच वाटेने कोच झालो. सतराव्या वर्षी खांदा गेला. 'दुखतंय म्हणजे ताकद येतेय' असं सांगणारे तेव्हा होते आणि ते खरं मानून मी रोज दोन-दोन टोपल्या चेंडूंच्या सर्व्हिस मारत होतो.

परवाचीच गोष्ट. तेरा वर्षांची एक मुलगी किक सर्व्हिसचा, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू उंच उसळेल अशा सर्व्हिसचा, सराव करत होती. चेंडू बरोबर चौकटीत पडत होते. पण टॉस, म्हणजे मारण्यासाठी वर फेकलेला चेंडू, हळूहळू डोक्यामागे सरकत चालला होता आणि दर फटक्याला कंबर धनुष्यासारखी मागे वाकत होती. चेंडू वेचताना तिने कमरेवर हात दाबला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सर." हे 'काही नाही' मी स्वतः इतक्यांदा म्हटलंय की लगेच ओळखू येतं. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडते ती अशाच सर्व्हिस मारून मारून. सराव थांबवला, डॉक्टरांकडे पाठवलं. आई नाराज झाली. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती ना!

पीटर कार्टर हे नाव आपल्या क्रीडा प्रतिनिधींना ठाऊक असेलच. ऑस्ट्रेलियाचा हा खेळाडू ज्युनिअर असताना त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. दुखापतींनी पाठ सोडली नाही, एकेरीत पहिल्या शंभरातही तो कधी आला नाही. मग स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या ओल्ड बॉईज क्लबात मुलांना शिकवू लागला. त्यातलाच एक रॉजर फेडरर. २००२ मध्ये कार्टर दक्षिण आफ्रिकेत मोटार अपघातात गेला, अवघ्या ३७व्या वर्षी. फेडररने पहिलं विम्बल्डन जिंकलं ते २००३ मध्ये. २०१९ च्या एका मुलाखतीत कार्टरचा विषय निघाला तेव्हा फेडररला रडू आवरेना. याला संपलेली कारकीर्द म्हणायची?

अर्थात दुखापत झालेला प्रत्येक जण चांगला कोच होतो असं मुळीच नाही. आपलं हुकलेलं मुलांकडून वसूल करणारे पुष्कळ असतात. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं, आणि दोन चांगली मुलं टेनिस सोडून गेली.

बातमीतल्या त्या मुलीशी आपल्या वार्ताहरांचा संपर्क असेल तर माझा एक निरोप द्यावा: सरावात मुलांना टोपलीतले चेंडू डाव्या हाताने द्यायला आत्ताच शिकून घे. सकाळच्या तीन बॅच झाल्या की दुखरा खांदा उजव्या हाताला साथ देत नाही. मला हे उशिरा सुचलं.

आपला,
एक टेनिस प्रशिक्षक