‘अदोनाय रोई’ शिकवणाऱ्या ठाण्याच्या आजींना

प्रिय आजी,

सा. न.

शनिवारी आमच्या लेकाने गायलं. तुम्हाला फोनवर सांगताना माझा गळा दाटून आला, सगळं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. इतरांनीही वाचावं, म्हणून उघडच लिहिते.

अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनची ‘चिचेस्टर साम्स’ (साम्स म्हणजे बायबलमधली स्तोत्रं) ही रचना इंग्लंडमधल्या चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, वॉल्टर हसी यांनी मागितली होती. 31 जुलै 1965 रोजी ती तिथे गायली गेली. अँग्लिकन, म्हणजे ख्रिस्ती, कॅथीड्रलसाठी लिहिलेली, पण स्तोत्रं सगळी हिब्रूत. दुसऱ्या भागातलं तेविसावं स्तोत्र एकट्या मुलाच्या आवाजात सुरू होतं, सोबतीला हार्प. तो आवाज मुलाचा नाहीतर काउंटरटेनरचाच (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा) हवा, अशी संगीतकाराची अट आहे. इथल्या आमच्या कॉयरने अकरा वर्षांच्या माझ्या मुलाला निवडलं, आणि घरात हिब्रूचं एक अक्षर कुणाला येत नव्हतं.

आईने तुमचं नाव सुचवलं. तुम्ही बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू समाजातल्या, लहानपणापासून सिनेगॉगमध्ये हिब्रू प्रार्थना म्हणत आलेल्या. दुसऱ्याच दिवशी तुमच्या हातचा, देवनागरीत लिहिलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला : ‘अदोनाय रोई, लो एहसार’. खाली मराठीत, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’. ‘एहसार’मधल्या ‘ह’खाली दोन रेघा. “घशातून काढ बाळा, पण खाकरू नकोस.” सहा आठवडे रोज संध्याकाळी तुमचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात होता.

पण मला खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. हे गाणं शांत चाललेलं असताना पुरुष एकदम दुसऱ्या स्तोत्रातले शब्द घेऊन तुटून पडतात : राष्ट्रं का खवळली आहेत? पहिल्या तालमीत पोरगं दचकलं, पुढचा सूरच लागेना. तुम्ही त्याला म्हणालात, “बाहेर भांडण चाललं तरी आईच्या कुशीतल्या लेकराला ते कळतं का? तसं गा.” आजी, त्या गोंगाटावर बायकांचे आवाज परत येतात तिथे बर्नस्टाइनने जवळपास हेच लिहून ठेवलंय : धोक्याची गंधवार्ताही नसल्यासारखं, आनंदात गा. तुम्ही स्वरलिपी पाहिलीही नव्हती.

शनिवारी तो दचकला नाही. खिशात तुमच्या कागदाची घडी होती.

शेवटी वाद्यं थांबतात आणि कॉयर अगदी हळू म्हणतो, ‘हिने मा तोव’, भावांनी एकत्र राहणं किती चांगलं, किती गोड. रेकॉर्डिंग ऐकून तुमचा उलट निरोप आला. मागे कुकरची शिट्टी, आणि तुम्ही तेच शब्द तुमच्या घरच्या चालीवर म्हणताय. लेकाने तो निरोप जपून ठेवलाय. ती चाल आता तो शिकतोय.

तुमची,
त्याची आई