टीडीएसचा मीटर ठेवा बाजूला, आधी क्लोरीन बघा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर नळाच्या पाण्याचा विषय निघाला की गाडी टीडीएसच्या आकड्यापाशी अडते, म्हणून हे लिहून पाठवते आहे.

बाबा, तो पेनसारखा टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही तो ३०० असा ठीक आकडा दाखवील आणि आपण निर्धास्त राहू. जुलाब, कावीळ, विषमज्वर क्षारांमुळे होत नाहीत. तेव्हा रोज बघायची गोष्ट एकच: पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का. नळाशी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. तो असला तर वाटेत थोडंफार काही शिरलं तरी त्याचा बंदोबस्त होतो. शून्य असेल तर पाणी विषारी झालं असं नाही, पण राखणदार उठून गेला हे नक्की.

क्लोरीन वाटेत संपतो. पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, उरलेल्या वेळात पाइपात दाब नसतो. सैल सांध्यातून, गंजलेल्या भोकातून आजूबाजूची ओल आणि सांडपाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की आधी तेच घरात येतं. म्हणून नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पाणी पिण्यासाठी भरायचं नाही. ते फरशीला, झाडांना जाऊ दे.

तपासायला ओटीचं, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं किट घ्या; क्लोरीन असला की त्याच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर लिहिलेत तेवढे थेंब, हलवायचं आणि पिवळा रंग उजेडात लगेच पट्टीशी ताडून बघायचा. पाच मिनिटांनी बघितलं तर रंग गडद झालेला असतो आणि क्लोरीन उगाच जास्त वाटतो. ते पाणी मोरीत ओतायचं, हात धुवायचे. आई, ती ओटीची बाटली स्वयंपाकघरात नको, आणि उन्हातही नको.

एकदाच तपासून काही कळत नाही. एकाच दिवशी तीनदा बघा: नळ आल्या आल्या, पंधरा मिनिटांनी, आणि संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीच्या तोटीला. सुरुवातीला शून्य आणि नंतर पिवळं आलं, तर जवळपास कुठेतरी गळती असू शकते. दोन्ही वेळा शून्य असेल तर शेजारच्या दोन घरी तेच करून बघा आणि तारीख-वेळ घालून लेखी तक्रार द्या. नळाला पिवळं आणि टाकीला शून्य, तर दोष आपल्या टाकीचा: तळाशी गाळ आहे, झाकण नीट बसत नाही, किंवा पाणी दोन-तीन दिवस तसंच पडून आहे.

मोटरचंही सांगते, राग मानू नका. नळाच्या लाइनीला थेट लावलेली मोटर नुसतं पाणी ओढत नाही, सांध्यांबाहेरची घाणही ओढते, आपल्याकडे आणि शेजाऱ्यांकडेही. नळाचं पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत पडू द्यावं आणि मोटरने तिथून वर चढवावं. तसंच रबरी नळीचं टोक बादलीत बुडवून ठेवू नये. पाणी गेलं की बादलीतलं साबणाचं पाणी उलटं लाइनीत खेचलं जातं. टोक काठाच्या वर हवं. आणि घराची जोडणी गटारातून आली असेल तर प्लंबरकडून ती वर उचलून घ्या. निदान गटाराच्या आत सांधा नको.

टाकी सहा महिन्यांनी धुवायची, पण बाबांनी शिडी चढायची नाही, माणूस बोलवा. गाळ काढून, घासून झाल्यावर टाकी भरायची. हजार लिटरला १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ३३ टक्के क्लोरीनवाली ताजी. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत ओतायची. घरातली प्रत्येक तोटी वास येईपर्यंत सोडून बंद करायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. प्युरिफायरचा कॉक त्याआधी बंद. सकाळी सगळं सोडून द्यायचं, ते पाणी वापरायचं नाही. उघड्या पिशवीतली पावडर दमट होऊन मरते, मग कितीही टाकली तरी उपयोग नसतो. संडास धुवायच्या ॲसिडजवळ ती ठेवूच नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

पाणी गढूळ आलं तर तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आधी निवळू दे, फडक्याने गाळून घ्या, मग क्लोरीनची गोळी. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर बराचसा क्लोरीन मातीच खाते. ६७ मिलिग्रॅमची गोळी २० लिटरला असते, पण पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. उकळणं तर सगळ्यात खात्रीचं: खळखळून एक मिनिट, मग झाकून त्याच भांड्यात गार करायचं. मात्र उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे त्यात हात किंवा पेला बुडाला की मेहनत वाया. लांब दांड्याचं ओगराळं वापरा.

प्युरिफायरमधला कोळसा क्लोरीन काढून टाकतो, म्हणून प्युरिफायरच्या टाकीतलं पाणी राखणदाराविना राहतं. दोन दिवस गावाला गेलात तर आल्यावर ते ओतून द्या. यूव्हीचा (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवा पेटलेला दिसला म्हणजे काम करतो असं नाही, तो वर्षाने बदलायचा. आरओ प्युरिफायर क्षार काढण्यासाठी आहे. टीडीएसचा आकडा ५०० च्या आत असताना त्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं मला पटत नाही. प्रयोगशाळेने फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त सांगितलं तर गोष्ट वेगळी. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं.

जंतूंच्या तपासणीसाठी नमुना द्याल तेव्हा बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारा पदार्थ आधीच घातलेला असतो, तो धुवून टाकू नका. शक्यतो सहा तासांत, बर्फात ठेवून पोहोचवा.

तुमची लेक

ता. क. पाणी दुधासारखं आलं तर पेल्यात धरून बघा. खालून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. वरून खाली निवळलं तर गाळ.