खोल्या विहिरीला विचारून वाढवाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या कृषी पर्यटनावरचा लेख वाचला. बागायतदाराने बागेत चार खोल्या बांधून जोडउत्पन्न कसं उभं करावं, हे त्यात नीट मांडलं आहे. पण पाण्याचा उल्लेख अख्ख्या लेखात एकदाच आला, तोही पोहण्याच्या तलावाच्या निमित्ताने. गुहागर तालुक्यात आमच्या शेतावर आम्ही गेली अकरा वर्षं तीन खोल्यांचं पाहुणेघर चालवतो. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आमची जमीन साडेचार एकर. वरच्या अंगाला हापूस आणि काजू, खाली विहिरीलगत नारळ-सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, आणि पावसाळ्यात भाताचे दहा-बारा कुणगे. बाग, घर, गुरं आणि पाहुणे, सगळ्यांना मिळून विहीर एकच. माझ्या सासूबाई या घरात आल्यापासून विहिरीचं पाणी पायऱ्यांवर मोजतात. शिमग्याला आठवी पायरी उघडी पडली तर साल बरं, दहावी दिसायला लागली तर मे जड जाणार. त्यांचा अंदाज चुकलेला मी अजून पाहिला नाही. आमच्या पाहुणेघराचा कारभार याच पायऱ्यांवर चालतो.

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांवर टँकर येतात. याचं घाटावरच्या लोकांना नवल वाटतं. आमचा जांभा, म्हणजे इथला तांबडा सच्छिद्र दगड, चाळणीसारखा आहे. पाणी झिरपतं तसंच पायथ्याच्या झऱ्यांतून निघूनही जातं, उरलेलं उतारावरून थेट खाडीला मिळतं. विहिरी तळाला जातात त्या मे महिन्यात, आणि नेमके तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त असतात, कारण शाळांना सुट्ट्या आणि झाडावर आंबा. सुपारीला तर उन्हाळाभर शिंपणं चुकत नाही. म्हणजे न्हाणीघरात सोडलेलं पाणी सुपारीच्या आळ्यातून काढून आणलेलं असतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही टाकीला मीटर बसवला. शॉवर असलेल्या खोल्यांत माणशी दीडशे लिटरच्या पुढे पाणी जात होतं. जिथे बादली आणि तांब्या ठेवला होता तिथे सत्तर-ऐंशी. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. आमचा एक पाहुणा आंघोळ करताना जवळजवळ तीन गावकऱ्यांचं पाणी वापरत होता आणि त्याला ते कोणी सांगितलंही नव्हतं. आम्ही शॉवर काढून टाकले. तेव्हापासून पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना विहिरीवर नेतो आणि पायऱ्या दाखवतो. दोन-तीन कुटुंबं नाराज होऊन परत गेली, ते मान्य करते. पण डोंबिवलीहून आलेली एक आठ वर्षांची मुलगी रोज सकाळी पायऱ्या मोजून सासूबाईंना सांगायची. आज ती कॉलेजात आहे आणि अजून फोनवर विचारते, "आजी, कितवी पायरी?"

बाकीची व्यवस्था जुन्या कोकणी घरांतलीच आहे. न्हाणीचं पाणी आधी अळूला, मग केळीला, शेवटी माडाला. त्यासाठी खोल्यांत रिठा-शिकेकाई आणि साधा साबण ठेवतो. शेणाच्या गॅसवर पाहुण्यांचा नाश्ता होतो. संडास दोन खड्ड्यांचे, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दोनेक वर्षांनी पहिल्यातलं कोरडं खत माडांना जातं. जांभ्यातून घाण पाणी फार लवकर पसरतं, म्हणून इथे मी कधीच तडजोड करणार नाही. कौलांवरचं पावसाचं पाणी दहा हजार लिटरच्या फेरोसिमेंटच्या टाकीत साठवतो. तिन्ही खोल्या भरलेल्या असल्या तर ते तीन आठवडे पुरतं. दुसरी टाकी बांधायची आहे, अजून तेवढे पैसे जमलेले नाहीत.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. अवकाळी पावसाने मोहोर गेला त्या दोन वर्षांत खोल्यांच्याच पैशांवर घर चाललं. धाकट्या दिरांनी मुंबईची नोकरी सोडून बागेत यायचं ठरवलं तेही याच आधारावर. म्हणूनच आता जे चाललं आहे त्याची काळजी वाटते.

चार वर्षांपूर्वी आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, यंत्रं लावून कातळ सपाट करण्यात आला. वीस खोल्या, तलाव, तीन बोअरवेल. फलकावर 'कृषी पर्यटन' लिहिलं आहे. शेती म्हणाल तर फाटकाजवळ कुंडीतली कलमं. सडा पावसाचं पाणी मुरवतो आणि तेच पायथ्याला झऱ्यांतून आमच्या विहिरींत उतरतं. त्यांचं काम झाल्यापासून आमचा झरा मार्चमध्येच बारीक होतो. कारण तेच आहे हे मी कागदावर सिद्ध करू शकत नाही. पण वाडीतल्या पाचही विहिरींची एकच गत आहे.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्याचं आम्ही स्वागतच केलं. त्यात किमान एक एकर शेतजमिनीची अट आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोकणात जमिनीइतकंच पाणीही मोजा. नोंदणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात यावं, विहिरीत डोकावावं, शेतीला लागणारं पाणी बाजूला ठेवावं आणि उरलेल्यावर किती माणसं राहू शकतात तेवढ्याच खोल्या मंजूर कराव्यात. सांडपाणी कुठे जातं ते चालत जाऊन बघावं. आणि शेतात काय पिकतं, किती पिकतं, हे विचारावं. ज्याच्याकडे विकायला स्वतःचं काही पिकत नाही त्याला 'कृषी' हा शब्द वापरू देऊ नये.

वाचकांनाही एक विनंती. कोकणात यायला मे महिन्याचाच हट्ट नको. जुलैत लावणीला या. आमच्या बायकांबरोबर दोन तास वाकून आवण लावा, मग ओटीवर बसून कुळथाची पिठी आणि गरम भात खा. फक्त चिखलात फोटो काढायला म्हणून तरव्यावर पाय देऊ नका, महिनाभर जपलेली रोपं असतात ती. दिवाळीनंतर या, भात झोडून झालेलं असतं, हवा सुखाची असते, विहीर काठोकाठ असते.

यंदा शिमग्यालाच दहावी पायरी दिसली. म्हणून १ मेपासून तिसरी खोली बंद ठेवायचं ठरवलं आहे आणि ज्यांनी ती घेतली होती त्यांचे पैसे परत केले आहेत. त्यातल्या एका कुटुंबाने ते न घेता ऑगस्टचे दिवस मागून घेतले.

आपली,
एक बागायतदार वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी