सूचना : बीजगणिताच्या वार्षिक आखणीबाबत

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार. वर्षाच्या आखणीचा आपापला कच्चा आराखडा पुढच्या बैठकीआधी गटावर टाकावा. एक पान पुरे.

पहिले तीन आठवडे ऋण संख्या आणि कंस यांनाच द्यावेत, असा माझा आग्रह आहे. ७ − (क्ष − ३) सोडवताना निम्मा वर्ग ४ − क्ष लिहितो. उत्तर १० − क्ष. ही चूक इथे सुटली नाही तर पुढे प्रत्येक समीकरणात डोकं वर काढते. विस्तारसूत्रांचंही तेच. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² नव्हे, हे नुसतं सांगून पटत नाही; ३ आणि ४ घालून ४९ आणि २५ शेजारी शेजारी फळ्यावर लिहा, मुलं आपणहून २अब शोधतात.

अवयव पाडणं वर्गसमीकरणांच्या आधीच हवं. एकसामयिक समीकरणं आलेखासोबत घ्या. दोन रेषा छेदतात तो बिंदू म्हणजेच उकल, हे डोळ्यांना दिसतं. शाब्दिक उदाहरणं मात्र शेवटासाठी राखून ठेवू नका (गेल्या वर्षी मी ठेवली, वेळच उरला नाही). दर आठवड्याला दोन तरी हवीत.

चाचण्यांच्या तारखा बैठकीत ठरवू.