अविनाशला, त्याच्या मध्येच बंद पडणाऱ्या जुन्या मोटरसायकलबद्दल

प्रिय अविनाश,

पत्र मिळालं. टाकीवरच्या मूळ रंगाचं वर्णन तू पानभर केलं आहेस आणि बिघाडाला मात्र दीड ओळ दिली आहेस: थोडं अंतर चालते, मग बंद पडते, जरा वेळ थांबलं की पुन्हा पहिल्या किकला चालू होते. आणि त्यापुढे, ‘सगळे म्हणताहेत कार्बोरेटर बदलून टाक.’

बदलू नकोस. निदान एवढ्यात तरी नको. जुन्या गाडीत कार्बोरेटर हा कायमचा संशयित, काहीही झालं की पहिलं बोट त्याच्याकडे. पण त्याच्या नावावर खपवलेला दोष बऱ्याचदा इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, सापडतो. तुझी ती दीड ओळ नीट वाचली तर निम्मं उत्तर तिच्यातच आहे. गाडी गार असताना छान सुरू होते आणि छान चालते. कार्बोरेटरचा तुंबलेला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गार-गरम बघत नाही, तो सकाळीही त्रास देईल आणि संध्याकाळीही. तुझ्याकडे जे बिघडलं आहे ते वेळेनुसार किंवा उष्णतेनुसार बदलतं आणि थांबलं की पूर्वपदावर येतं. असे संशयित मोजकेच: टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी), पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) कंडेन्सर आणि कमी गॅपचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात फट कमी असणं. चौघांची लक्षणं लांबून सारखी दिसतात, जवळ गेलं की वेगळी.

झाकणापासून सुरू कर, कारण त्याला हत्यार लागत नाही. पेट्रोल खाली उतरतं तितकी हवा टाकीत आत आली पाहिजे. ते बारीक भोक गंजाने किंवा पॉलिशच्या मळाने बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलं की आतलं पाणी सांडत नाही ना, तसंच. अशी गाडी एकदम मरत नाही. आधी ओढ कमी होते, मग पेट्रोल संपल्यासारखी ठसकत ठसकत बंद पडते. बंद पडल्या पडल्या झाकण उघड. हवा आत खेचल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर या पत्राचा पुढचा भाग वाचला नाहीस तरी चालेल.

पण माझा संशय कॉइलवर जास्त आहे. कॉइलच्या आत हजारो वेढे असतात आणि वेढ्यावेढ्यांत बारीक इन्सुलेशन. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होतं. गार असताना ठीक, तापलं की आतल्या आत शॉर्ट. इथे गाडी ठसकत नाही, चावी फिरवल्यासारखी बंद होते. गार झाली की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते, तपासणी पास होते आणि मग सगळे मिळून पुन्हा कार्बोरेटर खोलतात!

कंडेन्सरचा दोषही असाच गरम झाल्यावर डोकं वर काढतो, पण तो खुणा सोडतो. पॉइंटचं झाकण काढून, संध्याकाळच्या अंधुक उजेडात इंजिन आयडलवर ठेवून बघ. पॉइंटच्या टोकांमध्ये अगदी बारीक ठिणगी दिसली तर काळजी नाही. जाड, सतत चटचटणारी ठिणगी असेल आणि टोकं काळी पडून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर गेला असं समज. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदलतात. मात्र आधीचा कंडेन्सर चांगला चालत असेल तर तो फेकू नकोस, डब्यात ठेव. नवा भाग म्हणजे चांगला भाग हा भोळा समज आहे, नवीन कंडेन्सर पहिल्याच आठवड्यात जाताना मी पाहिले आहेत.

चौथा टॅपेट. हा सगळ्यांत फसवा, कारण जितका गॅप कमी तितकं इंजिन शांत, आणि शांत इंजिन ऐकून मालक खूश. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, गॅप उरतच नाही, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं आणखी वाईट: तो आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकला नाही की जळतो. त्यामुळे टॅपेट किंचित वाजत असतील तर चालेल, पण अगदी मुके झाले असतील तर ताबडतोब फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घे. इंजिन पूर्ण गार हवं आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला सर्वांत वर. दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत. एक्झॉस्टच्या स्ट्रोकलाही पिस्टन वर येतो आणि तिथे मोजलेला गॅप काहीही सांगत नाही. आकडा मात्र तुझ्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घे, ऐकीव नको.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं घरी बसून ठरवता येणार नाही. गाडी बंद पडेल त्या क्षणी, ती गरम असतानाच, तुला पुरावा गोळा करायचा आहे. खिशात एक चांगला प्लग आणि सोबत प्लगचा पाना ठेव. बंद पडली की किक मारत बसू नकोस, त्यात पुरावा जातो. बाजूला घे, झाकण उघडून आवाज ऐक. मग प्लगची कॅप काढून खिशातल्या प्लगला लाव, प्लगचं धातूचं अंग हेडच्या फिनला घट्ट टेकव आणि किक मार. मूळ प्लग जागेवरच राहू दे, म्हणजे उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येऊन ठिणगीवर पेटण्याची भीती नाही. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी म्हणजे इग्निशन निर्दोष. पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नाही, तर कॉइल, कंडेन्सर आणि त्यांचं वायरिंग. ठिणगी जोरदार आहे पण किक नेहमीपेक्षा हलकी जाते आहे, तर टॅपेट. अवघ्या काही मिनिटांत चारातले निदान दोन बाद होतात. प्लग हातात धरायचा नाही, हे तुला सांगायला नको. आणि कधी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गाडी हाताळलीस तर प्लग अर्थ न करता, म्हणजे इंजिनच्या धातूला न टेकवता, किक अजिबात मारू नकोस, आतलं युनिट जाऊ शकतं.

ठिणगी कमजोर निघाली म्हणून लगेच कॉइल विकत घेऊ नकोस. कॉइलला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज पोचतंय का हे आधी बघ. जुन्या गाडीत बॅटरी ते कॉइल हा रस्ता इग्निशन स्विच, किल स्विच आणि दोन-चार गंजक्या जोडांतून जातो आणि प्रत्येक जण थोडा थोडा व्होल्टेज खातो. मल्टीमीटरचा एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकावर ठेव. चावी चालू, पॉइंट मिटलेले. इथे आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत चोर आहे. तसंच बॅटरीचा मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये मोज. अर्थची वायर रंगवलेल्या फ्रेमवर कसलेली असेल तर रंग खरवडून चकचकीत धातू काढ. चावी मात्र अशी फार वेळ चालू ठेवू नकोस, पॉइंट मिटलेले असताना कॉइल उगाच तापते. हे सगळं मी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला, असं धरून लिहितोय. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी पुष्कळांना पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि तिथे सवयीने बॅटरी उलटी जोडली की रेक्टिफायर (चार्जिंगचा एसी करंट डीसी करणारा भाग) गेलाच. म्हणून जोडण्याआधी बघ.

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन मध्यम रेसवर असताना १४ च्या आसपास गेली पाहिजे. जात नसेल तर चार्जिंगकडे बघावं लागेल, आणि ते प्रकरण या पत्रात मावणार नाही.

तू फ्यूजबद्दलही विचारलं होतंस, मध्येच जळतो म्हणून. नवे फ्यूज टाकत राहू नकोस आणि जाड तार तर चुकूनही नाही. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरांनी जोड. शॉर्ट आहे तोवर तो लख्ख पेटेल, पण बल्बच करंट अडवत असल्यामुळे वायरिंग जळणार नाही. मग हँडल डावी-उजवीकडे वळव, वायरिंग इकडेतिकडे हलव. बल्ब जिथे हात लावल्यावर मंदावेल तिथे शॉर्ट. बहुतेकदा हँडलच्या मानेपाशीच सापडतो, कारण तिथल्या वायरा वळणावळणाला वाकतात आणि घासतात. माझ्या मते घरच्या कामातली ही सर्वांत समाधान देणारी युक्ती आहे, आणि ती सांगायला मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो.

पॉइंट लावताना आधी गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. बहुतेक जुन्या गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास गॅप असतो. गॅप हलला की टायमिंगही हलतं, त्यामुळे उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडायला लागते, म्हणून कॅमवर ग्रीसचा पुसटसा हात दे. पुसटसाच, जास्त झालं तर ते उडून टोकांवर बसतं.

समजा हे सगळं निर्दोष निघालं, तर मात्र कार्बोरेटर उघड, पण त्याआधी त्याला प्रश्न विचार. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर टेपचे तुकडे चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर आणि गाडी नेमकी कोणत्या खुणेवर कुरकुरते ते बघ. अगदी कमी उघडलेल्या मुठीवर पायलट जेटचं राज्य, मधल्या पट्ट्यात सुईचं, पाऊण ते पूर्णला मेन जेटचं. आता त्या ठिकाणी चोक थोडा ओढून बघ. सुधारली तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), बिघडली तर दाट (पेट्रोल जास्त). कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या इनटेकच्या रबराला चीर असेल तर बाहेरची हवा आत घुसते आणि रेस सोडली तरी आयडल खाली यायला वेळ लागतो. कार्बोरेटर खोललास तर जेटच्या भोकात पोलादी तार घालू नकोस, पितळ मऊ असतं आणि भोकाचं माप बदललं की बदललं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. फ्लोटच्या तळाशी जेलीसारखं काही किंवा पाण्याचे थेंब सापडले तर आश्चर्य मानू नकोस: इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या बदलताना इथेनॉल सहन करणाऱ्या घे.

एकच सक्ती करतो. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. नवा प्लग, नवे पॉइंट आणि नवा जेट एकदम टाकलेस आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही. बिघडली तर त्याहून वाईट.

हत्यारांत घाई करू नकोस. गाडी जपानी असेल तर तिच्या क्रॉस स्क्रूंना साधा फिलिप्स नीट बसत नाही, तो वर सरकतो आणि स्क्रूच्या डोक्याची खाच खातो. त्या स्क्रूंचं मानक वेगळं, जेआयएस (जपानी औद्योगिक मानक), आणि अनेकदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. त्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घे. हट्टी स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडीचा एक ठोका. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत घाल, मगच पाना लाव. आटे गेले की पुढचा खर्च प्लगचा राहत नाही.

जुन्या ड्रम ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने टीप. आणि दार लावलेल्या खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही, मिनिटभरसुद्धा.

तर पुढच्या फेरीला प्लग खिशात, वही सीटखाली. बंद पडली की ठिणगीचा रंग, झाकणाचा आवाज आणि किकचा जोर, एवढं तीन ओळींत लिहून पाठव. कॉइल मागवायची की नाही हे त्यावरून ठरवू.

तुझा,
मिलिंद

ता. क. टायरवर बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतील. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही शाबूत दिसो, इंजिनच्या तपासण्या बाजूला ठेवून आधी टायर बदल.