सोपी नोकरी म्हणालीस, म्हणून

बीड,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. करंज्या आजच वेगळ्या डब्यात काढ, नाहीतर त्यांना चिवड्याचा वास लागेल.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "हो गं आई" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं. म्हणून आज दुपारी सगळे झोपल्यावर वही घेऊन बसले.

भाऊबीजेला जेवताना तू मामाला म्हणालीस, "सगळ्यात सोपी नोकरी आईची. दहाला जायचं, पाचला यायचं, दिवाळीची सुट्टी वेगळी, उन्हाळ्यात दीड महिना वेगळा." त्याचा मला राग आला नाही. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतं, आणि घरातलं माणूसही एका अर्थी बाहेरूनच बघत असतं. पण रात्री गच्चीवर तू म्हणालीस की हिंजवडीची नोकरी सोडून बीएड करायचंय, कारण थोडं सुखाचं आयुष्य हवंय, ते माझ्या मनाला लागून राहिलं. मुलांना शिकवायची इच्छा आहे असं तू एकदाही म्हणाली नाहीस. सुख हवंय, एवढंच म्हणालीस.

आधी जे खरं आहे ते सांगते. दर महिन्याला खात्यात पगार येतो, डोक्यावर छप्पर आहे, अठ्ठावन्नपर्यंत कोणी घरी बसवत नाही. आपल्या जिल्ह्यातून दिवाळी झाली की लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या, पोटुशी असूनही डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईसमोर मी माझं काम अवघड आहे असं कधीच म्हणणार नाही. मामाची एसटीची ड्युटीही माझ्यापेक्षा कष्टाची. मुक्कामी गाडी, पाठीचं दुखणं, रात्रीचे घाट. पण त्याची गाडी डेपोत लागली की त्या दिवसाचं काम संपतं. तुझंही तसंच असावं. तू सांगतेस ना, तिकीट क्लोज केलं म्हणून. माझ्या कामात क्लोज असं काही नसतं. ते कसं, ते नीट सांगते.

आमच्या शाळेत पहिली ते चौथी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं शिक्षण हक्क कायद्यात आहे. शिक्षक दोन, पण वर्ग चार. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. तिसरीला पाटी दिली की चौथीकडे वळायचं, चौथीला उतारा दिला की तिसरीकडे.

सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. तिसरीतल्या एका मुलीनं ४२ मधून १७ वजा केले आणि उत्तर लिहिलं ३५. पाटीवर चुकीची फुली मारून पुढं जायला दोन सेकंद लागतात. मी तिच्याजवळ खाली बसले आणि विचारलं, "कसं केलंस गं?" तिला वाटलं मी रागावले. मनगट ओलं करून ती पाटी पुसायलाच लागली. मी हात धरला. मग हळूच म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले."

बघ, तिनं उत्तर अंदाजानं ठोकलेलं नव्हतं. तिच्या मनात एक नियम तयार झाला होता, की मोठ्यातून लहान जातं, आणि तो नियम तिनं इमानानं पाळला होता. एक अंकी वजाबाकी शिकवताना आम्हीच तो तिच्या मनात घातलेला. आता तो मोडायचा होता आणि तो मोडताना तिला आपण ढ आहोत असं वाटू द्यायचं नव्हतं. मी काड्यांचे गठ्ठे काढले, दहा-दहाचे, रबर लावलेले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढं ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." ती बराच वेळ त्या दोन काड्यांकडं बघत बसली. तेवढ्यात चौथीत दोघांची रबरावरून मारामारी, एकाला पाण्याला जायचंय, आणि खिचडीच्या ताई दारात, "मॅडम, तांदूळ मोजून द्या." मुलामागं शंभर ग्रॅम, हजेरी बघून. मी उठले, तांदूळ मोजून दिला, परत आले, तरी ती तशीच. मग तिनं एका गठ्ठ्याचं रबर काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. काड्या पसरल्या, तिनं सात मोजून माझ्याकडं सरकवल्या, मग एक अख्खा गठ्ठा दिला आणि उरलेलं मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा ३५. तिसऱ्या दिवशी २५.

तू कोडमधली चूक शोधतेस तेव्हा ती चूक जिथल्या तिथं राहते. रात्री दोनला शोधली तरी चालते. मुलाच्या डोक्यातली चूक तशी थांबत नाही. ते मूल तिच्यावर पुढचा मजला बांधत जातं. आणि माझ्यासमोर एकाच वेळी अशी सव्वीस डोकी असतात, प्रत्येकाची चूक वेगळी. संध्याकाळी मी गप्प असते तेव्हा तू विचारतेस, "आई, काय झालं?" काही झालेलं नसतं. त्यातलं कुणीतरी डोक्यात असतं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक मुलगा घरी आला होता. तू इथं नव्हतीस. "बाई, ओळखलं का?" डोळ्यांवरून ओळखलं. जुन्या शाळेत चार वर्षं माझ्या वर्गात होता. तुझ्याच वयाचा. लग्न झालेलं, बायकोसोबत कोयत्यावर जातो. खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुकादमाकडून उचल घेतली होती, त्याची लिखापढी. म्हणाला, "यात काय लिव्हलंय तेवढं वाचून दाखवा."

खाली त्याची सही होती. नीट, सरळ रेषेत. नावातल्या 'भ'ला गाठ कशी द्यायची ते मीच हात धरून शिकवलं होतं. सही करता येत होती, पण सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं. रक्कम, किती दिवसांत फेडायची, काम मध्येच सोडलं तर काय. आकडा दोनदा वाचला. तो म्हणाला, "तुमी वाचलं म्हंजी बरोबर असंल." कागद घडी करून खिशात ठेवला, चहा घेतला आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दरवर्षी तो दिवाळीनंतर जायचा आणि उन्हाळा लागताना परत यायचा. आल्यावर पाठ म्हणायचा, बोट ओळीखाली फिरवत. मी ऐकत होते आणि त्याला वाचता येतंय असं समजत होते. इतर मुलांचं ऐकून त्याला अख्खा पाठ पाठ झाला होता. बोट एका ओळीवर आणि तोंडात दुसरी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता मी प्रत्येक मुलाला पाठातला मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारते. ही युक्ती मला त्याच्या वेळी सुचली नाही. त्याला पुढच्या वर्गात घातलं, पुढं हायस्कूलला त्याची शाळा सुटली. मला कोणी जाब विचारला नाही. त्या वर्षीचा माझ्या वर्गाचा निकाल चांगलाच लागला होता.

आमच्या बदल्यांच्या शासन निर्णयात 'अवघड क्षेत्र' असा शब्द आहे. रस्ता नाही, डोंगराळ भाग, अशा ठिकाणची शाळा म्हणजे अवघड क्षेत्र. सरकारी कागदावर अवघडपणा गावाचा मोजतात, कामाचा नाही. डांबरी रस्त्यावरच्या शाळेतही हा मुलगा माझ्या हातून सुटला असता.

बाकीच्या कामांचं फार लिहीत नाही, ती तू पाहिलीच आहेस. गेल्या वर्षीचा मे आठव. तू कोकणात जाऊ म्हणत होतीस आणि १३ मे ला आपल्याकडं लोकसभेचं मतदान होतं. आधी प्रशिक्षणं, मग मशीन घेऊन केंद्रावर मुक्काम, दुसऱ्या रात्री पेट्या जमा करून घरी. नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा तेच. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं शिक्षण हक्क कायद्यानंच आमच्याकडं आहेत, कलम २७ मध्ये. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कोणीतरी करायलाच हवीत. पण मुलं समोर बसलेली असताना मोबाईलवर माहिती भरायची, कारण ती आजच हवी असते, याचा मात्र मला मनापासून राग येतो. दहा ते पाच म्हणतेस ना? कायद्यातही शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, त्यात घरची तयारी आली. रात्री मी कागद कापत बसते ती तयारीच असते.

आणि मिक्सरशेजारचं ते पुस्तक. मुलांसाठी आणलंय असं तुला वाटलं. ते माझं आहे. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त वर्षं राहिली आहेत, त्या सगळ्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. माझी सात राहिली आहेत. २००१ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा तू जेमतेम दीड वर्षाची होतीस आणि टीईटी हा शब्दही नव्हता. आता चोवीस वर्षं शिकवल्यावर २३ नोव्हेंबरला दीडशे प्रश्नांची परीक्षा आहे, अडीच तास. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी अपमान झाल्यासारखं वाटलं. पण बालमानसशास्त्राचं प्रकरण वाचताना तो कागद घेऊन आलेला मुलगा दोनदा आठवला. अभ्यास करते आहे. पोळ्या लाटून झाल्या की तासभर, पहाटे तासभर.

आता तुझं. बीएड करणार असशील तर आधी सगळं माहीत करून घे. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, त्याला डीएडच लागतं. म्हणजे दोन वर्षं बीएड करून तू वरच्या वर्गांवर जाशील. त्याआधी सहावी ते आठवीसाठी टीईटी, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं मुलं-मुली डिग्री घेऊन खाजगी क्लासमध्ये तासावर शिकवत बसली, त्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, तेही जानेवारी २०२३ पासून वाढलेलं. तुझ्या खोलीचं भाडं आणि प्रवास वजा करून बघ. शिवाय नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन नाही.

हे तुला अडवायला लिहीत नाही. तू आलीस तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. तुला समजावून सांगता येतं. लहानपणी शेजारच्या पोरांना तू घड्याळ शिकवायचीस, काटा फिरवून, ते मी स्वयंपाकघरातून बघायची. पण तू दमली आहेस म्हणून येऊ नकोस. दमली असशील तर रजा घे, इकडं ये, आठ दिवस नुसती झोप. तुझ्या साहेबांशी बोलायचं असेल तर बोल, टीम बदलून माग. दमलेल्या माणसाला मुलं आणखी दमवतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

एक काम मात्र कर. परीक्षा झाली की २४ तारखेच्या सोमवारी सुट्टी काढ आणि माझ्याबरोबर शाळेत ये. परिपाठापासून सुटेपर्यंत पूर्ण दिवस बस. खिचडीची चव आधी शिक्षकानं घ्यायची असते, ती त्या दिवशी तू घे.

ती तिसरीतली मुलगी तोपर्यंत असेल की नाही, माहीत नाही. आई-बाप कारखान्याला निघणार आहेत. आजीकडं ठेवा, हंगामी वसतिगृहाचं जेवण गावातच मिळेल, असं मी दोनदा जाऊन सांगून आले. आजी हो म्हणते, बाप अजून काही बोलत नाही. नेलंच तर शिक्षण हमी पत्रक भरून ठेवलंय, तिकडच्या शाळेत दाखवायला. आणि राहिली असेल तर तिच्याशेजारी खाली बस, तिला ६१ मधून ३४ घालून दे आणि कसं केलंस ते विचार. काड्यांचे गठ्ठे कपाटात खालच्या खणात आहेत.

गिझर चालू ठेवून झोपू नकोस. पोचलीस तसं जेवलीस हेही कळव.

तुझी,
आई