उष्णतेचे कारण देऊन बॅटरीची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अकोल्यात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी तुमचाच यूपीएस आणि सीलबंद बॅटऱ्या घेतल्या, वॉरंटी तीन वर्षांची. दुसऱ्याच उन्हाळ्यात बॅटऱ्या फुगल्या. ऐन प्रवेशाच्या आणि पीक विम्याच्या गर्दीत लाइट गेली की अर्धा भरलेला फॉर्म जातो आणि खेड्यावरून आलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तुमच्या तंत्रज्ञाने मात्र ‘जास्त तापमानामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ एवढेच लिहून दिले.

हे मला मान्य नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, हे बॅटरी इथे विकायला पाठवताना तुम्हाला ठाऊक होते. खोक्यावर ‘आयुष्य ५ वर्षे’ ठळक छापले आहे. ते २५ अंश तापमानाला, हे माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत. तुमच्या बॅटऱ्यांसारखी लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाची) बॅटरी सतत आठ-दहा अंश जास्त तापली, तर तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. एसीच्या खोलीतच ठेवायची होती, तर पैसे घेण्याआधी सांगायचे.

त्याहून गंभीर दोष चार्जरचा आहे. तापमान वाढेल तसा चार्जिंगचा व्होल्टेज उतरवावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. म्हणजे २५ अंशांना १३.८ व्होल्ट योग्य असेल, तर ४५ अंशांना १३.४ च्या आसपास हवा. माझ्या यूपीएसमध्ये तापमानाचा सेन्सरच नाही. भर दुपारी तंत्रज्ञाने मीटर लावला, तेव्हाही १३.८ च दिसले. बॅटरी अशीच ओव्हरचार्ज होत राहिली, तर आतले पाणी उडते आणि प्लेटा गंजतात. ट्युब्युलर बॅटरीत मी डिस्टिल्ड वॉटर तरी टाकले असते, सीलबंद बॅटरीत ती सोय नाही. हा बिघाड उन्हाच्या माथी मारू नका.

बॅटऱ्या विनामूल्य बदलून द्या आणि सेन्सर असलेला चार्जर बसवा. नुसत्या नव्या बॅटऱ्या ठेवून गेलात, तर पुढच्या उन्हाळ्यात हेच होईल. विदर्भात विकल्या जाणाऱ्या खोक्यांवर ३५ आणि ४५ अंशांतले आयुष्यही मराठीत छापा.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फुगलेल्या बॅटऱ्या मात्र त्याआधीच उचलून न्या. दुकानात दिवसभर लोकांची ये-जा असते.

आपला,
एक ग्राहक, अकोला

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड आणि तंत्रज्ञाच्या अहवालाची प्रत